पहिला स्मॉलपाइप: निवडायचा कसा, शिकायचा कसा

पहिले तीन आठवडे चँटरला हात लावायचा नाही. चँटर म्हणजे स्मॉलपाइपची, या छोट्या बॅगपाइपची, बोटांची भोकं असलेली नळी, जिच्यावर धून वाजते. ती काढून कपाटात ठेवायची, तिच्या जागी बूच बसवायचं, आणि फक्त भाता, पिशवी आणि एक ड्रोन, म्हणजे सतत एकच सूर धरणारी नळी, घेऊन खुर्चीत बसायचं. स्मॉलपाइप शिकायचा म्हणून जो कुणी मला विचारतो त्याला मी आधी हे सांगते, आणि बहुतेकांचा चेहरा पडतो. एवढे पैसे मोजून वाद्य आणायचं आणि तीन आठवडे एकच सूर काढत बसायचं? हो. कारण या वाद्यातली सगळी अवघड विद्या काखेत आहे. बोटांचं काम पुढे सावकाश जमतं, पण काख चुकीची शिकली तर ती चूक मोडायला वर्ष लागतं. माझं गेलं.

मी एडिंबरात राहते. लहानपणी आजोबांच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे, त्यामुळे भाता मला नवा नव्हता, आणि नेमका तोच आत्मविश्वास आडवा आला. पेटीवर भाता जोरात मारला तर आवाज वाढतो, सूर तिथेच राहतो. पाइपवर दाब वाढला की सूरच चढतो, कमी झाला की उतरतो, आणि फार उतरला की नळी रडल्यासारखा आवाज काढून बंद पडते. पेटीचा हात विसरायला मला वेळ लागला.

कुठला पाइप ‘लहान’?

लष्करी संचलनात दिसतो तो हायलंड बॅगपाइप. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पाइप बँडमुळे तो आपल्याकडेही अनेकांनी जवळून पाहिला आहे. तो तोंडाने फुंकतात, उभं राहून वाजवतात, आणि त्याचा आवाज मैदानासाठीच घडवलेला आहे. घरात तो वाजवणं शेजाऱ्यांवर अन्याय आहे, स्वतःच्या कानांवरही. लहान पाइप त्याचे भाऊबंद. हे खुर्चीत बसून वाजवतात. बहुतेकांना हवा तोंडाने नाही, उजव्या काखेतल्या भात्याने पुरवतात. भात्याची हवा थंड आणि कोरडी असते, म्हणून स्कॉटलंडमध्ये या साऱ्या कुळाला ‘कॉल्ड विंड’, म्हणजे थंड वाऱ्याचे पाइप म्हणतात.

नव्याने शिकणाऱ्यापुढे साधारण चार पर्याय येतात.

पहिला स्कॉटिश स्मॉलपाइप. आवाज फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, जोडीला बसेल इतपत, स्वर नऊ, बोटांची रचना हायलंड पाइपचीच. जुन्या स्कॉटिश नमुन्यांवरून आणि नॉर्थंब्रियन पाइपच्या अनुभवावरून त्याचं आजचं रूप १९८० च्या आसपास घडलं. त्यात ईशान्य इंग्लंडमधले कारागीर कॉलिन रॉस यांचा मोठा वाटा आहे. पुढे हॅमिश मूर यांच्यासारख्या वादक-कारागिरांमुळे तो स्कॉटलंडभर पसरला. म्हणजे परंपरा जुनी असली तरी हातातलं वाद्य जेमतेम चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं आहे.

दुसरा नॉर्थंब्रियन स्मॉलपाइप, इंग्लंडच्या उत्तर टोकाचा, न्यूकॅसल आणि मॉर्पेथच्या परिसरातला. त्याच्या चँटरचं खालचं टोक बंद असतं. सगळी भोकं झाकली की चँटर गप्प. एका वेळी एकच बोट उचलायचं, त्यामुळे प्रत्येक स्वर सुटा, टपोरा पडतो, शेंगेतून मटारचे दाणे सुटावेत तसा. चाव्या, म्हणजे बोटाने दाबायचे खटके, बसवून त्याचा पल्ला वाढवलेला असतो. नवशिक्याला सात चाव्यांचा चँटर पुरतो. ज्याला सुटे, स्वच्छ स्वर आवडतात त्याने याचा जरूर विचार करावा.

तिसरा बॉर्डर पाइप. भाता आहे, पण चँटर आतून शंकूसारखा रुंदावत जातो, म्हणून आवाज जास्त चढा आणि धारदार. नाचाच्या साथीला उत्तम, फ्लॅटमध्ये जरा जड.

चौथा आयर्लंडचा इलन पाइप. दोन सप्तकं, मांडीवर टेकवलेला चँटर, आणि पूर्ण सेटमध्ये मनगटाने दाबायच्या चाव्यांच्या तीन जादा नळ्या. युनेस्कोने २०१७ साली त्याच्या वादनाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. आयर्लंडमध्ये म्हणतात, सात वर्षं शिकायचं, सात वर्षं सराव करायचा, सात वर्षं वाजवायचं, मग पायपर होतो. त्याचं वेड लागलं असेल तर मी अडवणार नाही. मात्र ‘सोपा म्हणून’ त्याच्याकडे जाऊ नका.

मी स्कॉटिश स्मॉलपाइपबद्दलच पुढे लिहिते, कारण तोच मला येतो, आणि ज्याने आधी कुठलाच पाइप वाजवलेला नाही त्याला तोच सुचवावा असं माझं मत आहे. ज्यांनी शाळेच्या, पोलिसांच्या किंवा लष्कराच्या बँडमध्ये हायलंड पाइप वाजवला आहे त्यांची तर निम्मी वाट आधीच चालून झालेली असते.

मराठी कानाला तो ओळखीचा का वाटतो

चँटरवरचे नऊ स्वर असे: खाली कोमल नी, मग सा रे ग म प ध, वर पुन्हा कोमल नी, आणि शेवटी तार सा. मध्यम शुद्ध, निषाद कोमल, म्हणजे आपला खमाज थाट. मागे तीन ड्रोन सतत वाजत असतात. एक सा, एक खर्जातला सा, आणि तिसरा बहुधा पंचम. थोडक्यात तंबोऱ्यावर खमाजचे स्वर. ज्यांनी लग्नात सनईवाल्याच्या शेजारी बसून नुसता सूर धरणारा जोडीदार पाहिला आहे, त्यांना ड्रोन वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

आपल्या जव्हार-डहाणूकडचे वारली तारपकरी भोपळ्यात हवा कोंडून, गालांत श्वास खेळवत, न थांबता दोन नळ्या वाजवतात. गारुड्याच्या पुंगीतही एक नळी धून वाजवते, दुसरी सूर धरते. श्वास न तुटता सूर चालू ठेवायचा, हा प्रश्न या सगळ्या वाद्यांनी सोडवला आहे. तारप्यात तो गालांनी सुटतो, स्मॉलपाइपमध्ये पिशवीने.

स्मॉलपाइपच्या चँटरची आतली नळी सरळ, एकाच व्यासाची असते. त्याचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही निवडीच्या कामाचे आहेत. एक म्हणजे छोट्या नळीतूनही खालचा, मऊ सूर निघतो. दुसरा, जोर लावून वरचं सप्तक मिळत नाही. नऊ स्वर म्हणजे नऊच. तीव्र मध्यम, कोमल गंधार हवा असेल तर चावी लावून घ्यावी लागते. मी म्हणेन, पहिल्या सेटला एकही चावी नको. नऊ स्वरांतच स्कॉटलंडच्या धुनांचा फार मोठा साठा आहे. शिवाय सा बदलला की त्याच भोकांतून दुसरी स्वरमाला उभी राहते: चँटरच्या ‘म’ला सा मानलं तर बिलावल, ‘प’ला मानलं तर काफी, ‘रे’ला मानलं तर आसावरीचे स्वर. फक्त ड्रोन त्या त्या सा-ला जुळवता यायला हवेत. म्हणून सेट मागवताना कारागिराला विचारायचा पहिला तांत्रिक प्रश्न हाच: पंचमाचा ड्रोन मध्यमाला उतरवता येतो का?

पट्टी कुठली घ्यावी

स्मॉलपाइप चार पट्ट्यांत मिळतात. आपल्या भाषेत सांगायचं तर पांढरी सहा, काळी पाच, पांढरी एक आणि पांढरी दोन. स्कॉटिश लोक त्यांना अनुक्रमे ए, बी फ्लॅट, सी आणि डी म्हणतात.

पांढरी सहा घ्या. पबमधल्या बैठका, वर्ग, शिबिरं सगळीकडे हीच चालते, फिडल आणि गिटारवाल्यांना ती सोयीची पडते. तिची एकच अडचण आहे: चारांत हिचा चँटर सर्वात लांब, भोकं सर्वात दूर. हात लहान असेल तर खालच्या हाताची अनामिका पोचायला त्रास होतो. माझाही हात लहान आहे. पहिला महिना अवघड गेला, मग बोटं आडवी, सपाट ठेवायला शिकले आणि प्रश्न सुटला. बासरी वाजवणाऱ्यांना हे माहीत असतं: भोक टोकाने झाकायचं नाही, बोटाच्या गादीने झाकायचं. खालच्या हातात तर दुसऱ्या पेराने झाकलं तरी चालतं. तरीही पोचतच नसेल तर काळी पाच किंवा पांढरी एक बघा. पांढरी दोनचा चँटर इतका छोटा असतो की बोटं एकमेकांना खेटतात, आणि आवाजही चढा. पहिल्यांदा नको.

शक्य असेल तर विकत घेण्याआधी चँटर हातात धरून पाहा. ग्लासगोच्या नॅशनल पाइपिंग सेंटरमध्ये संग्रहालयही आहे आणि वर्गही. मॉर्पेथला चँट्री नावाच्या मध्ययुगीन इमारतीत बॅगपाइपचं संग्रहालय आहे, तिथे वेगवेगळ्या देशांचे पाइप शेजारी शेजारी पाहता येतात. ब्रिटनला कामाला किंवा मुलांकडे आलेल्यांनी एखादी शनिवारची फेरी जरूर करावी.

पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

माझा पहिला सेट मी एका ऑनलाइन दुकानातून स्वस्तात घेतला. चकचकीत लाकूड, पांढऱ्या कड्या, मखमली आवरण. पिशवी तीन ठिकाणी हवा सोडत होती, ड्रोन एकमेकांशी बोलत नव्हते, आणि चँटरचा गंधार कुठल्याच सा-शी नातं सांगत नव्हता. चार महिने मला वाटत होतं की दोष माझा आहे. म्हणून कळकळीने सांगते: शोभेचा सेट घेऊन शिकायला बसू नका. चांगल्या वाद्यावर वाईट वाजवणाराही सुधारतो, वाईट वाद्यावर मात्र चांगला कानसुद्धा बिघडतो.

नावाजलेल्या कारागिराकडचा नवा स्कॉटिश स्मॉलपाइप हजार पौंडांच्या पुढे जातो. वर प्रतीक्षा यादी असते. काही महिने थांबायची तयारी ठेवा. या रकमेतला कुठला भाग आवश्यक आणि कुठला हौसेचा, ते ओळखायला हवं. आवश्यक म्हणजे: नीट जुळलेला चँटर, तीन ड्रोन, न गळणारी पिशवी, चांगला भाता, आणि सेट बिघडला तर परत बघून देणारा माणूस. हौसेचं म्हणजे चांदीच्या कड्या, दुर्मीळ लाकूड, कोरीव काम, चौथा ड्रोन. लाकूड बहुधा आफ्रिकन ब्लॅकवुड असतं, आपल्या शिसवीच्याच कुळातलं, म्हणून हाताला ते ओळखीचं जड आणि गार लागतं. बॉक्सवुड किंवा फळझाडाच्या लाकडाचेही सेट मिळतात, आवाजात कमी नसतात.

जुना सेट घेण्यात काही वावगं नाही, पण एकट्याने जाऊ नका. वाजवणारा कुणी सोबत न्या आणि त्याला वाजवायला लावा. तुम्ही स्वतः दोन गोष्टी तपासू शकता. सगळ्या नळ्या काढून त्यांच्या जागी बुचं लावा, पिशवी भरा आणि काखेने दाबून ठेवा. अर्धं मिनिट ती टणक राहिली पाहिजे. मग भात्याच्या तोंडावर बोट ठेवून भाता दाबा. तोही अडून राहिला पाहिजे. जुन्या सेटवर हस्तिदंताच्या कड्या असतील तर हात आखडा. सीमा ओलांडताना त्या त्रास देतात. शिसवीच्या कुळातल्या लाकडावर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले होते, पण २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून बहुतांशी सूट मिळाली. तरी भारतात आणताना बिल आणि कारागिराचं पत्र जवळ ठेवलेलं बरं.

विकत घेण्याआधी भाड्याने मिळतो का बघा. नॉर्थंब्रियन पायपर्स सोसायटी १९२८ पासून आहे, ती सभासदांना शिकण्यासाठी सेट भाड्याने देते. इलन पाइपसाठी डब्लिनची ‘ना पीबिरी इलन’ ही १९६८ साली स्थापन झालेली संस्था आहे. स्कॉटिश बाजूला लोलंड अँड बॉर्डर पायपर्स सोसायटीकडे चौकशी करावी, ओळखीपाळखीतूनही सेट मिळून जातो. आणि वाट पाहण्याच्या महिन्यांत एक साधा प्रॅक्टिस चँटर घ्या. तो तोंडाने फुंकायचा, स्वस्त, पिशवी नसलेला. बोटांची रचना तीच, त्यामुळे ती तेवढ्यात अंगवळणी पडते. काखेचं मात्र तो काहीच शिकवत नाही.

तोंडाने फुंकायचे स्मॉलपाइपही मिळतात, किंमत थोडी कमी असते. मी ते सुचवत नाही. श्वासातली ओल रीडवर, म्हणजे आवाज काढणाऱ्या पातीवर, बसते आणि सूर वाजवता वाजवता हलत राहतो.

काखेचे तीन आठवडे

खुर्ची बिनहाताची, सरळ पाठीची घ्या. भात्याचा एक पट्टा कमरेला, दुसरा उजव्या दंडाला, कोपराच्या जरा वर. पट्टे घट्ट आवळू नका. भाता अंगाला चिकटून राहावा आणि दंड मोकळा हलावा, एवढंच. भात्यातून निघणारी नळी पोटावरून आडवी येऊन पिशवीला मिळते. पिशवी डाव्या काखेत, अगदी बगलेत कोंबायची नाही, कोपर आणि बगल यांच्या मध्ये ठेवायची. तिन्ही ड्रोन एकाच खुंट्यातून निघून उजव्या हाताकडे आडवे जातात.

चँटरच्या जागी बूच, खर्जाचा आणि पंचमाचा ड्रोन बंद, फक्त मधला सा चालू. आता भाता उघडा आणि सावकाश दाबा. पिशवी भरत येईल, ड्रोन कुरकुरेल, मग सूर धरेल. इथून पुढे खरं काम. उजवा कोपर उचलून भात्यात हवा घेताना पिशवीला नवी हवा मिळत नसते, त्या वेळी डावी काख पिशवी दाबते. उजवा कोपर खाली येऊन हवा ढकलू लागला की डावी काख तेवढीच सैल पडते. एक हात देतो, दुसरा घेतो. ही देवाणघेवाण ऐकणाऱ्याला कळता कामा नये. कळते तोवर सूर डोलत राहतो, झोक्यावर बसून कुणी ‘आ’ लावल्यासारखा.

सुरुवातीला तीन चुका सगळ्यांच्या होतात. पिशवी फुगवून ढोल करायची, मग काखेला दाबायला जागाच उरत नाही. ती पाऊण भरलेली असावी. दुसरी, भाता घाईघाईने छोटे छोटे मारायचा. पूर्ण उघडा, पूर्ण बंद करा, लोहाराचा पोऱ्या मारतो तसा लांब आणि निवांत. तिसरी चूक सर्वात चिवट: भाता तालात मारायचा. आपला ताल बायका-पुरुष सगळ्यांच्या हातापायांत इतका मुरलेला असतो की टाळी वाजली की कोपर हलतो. भात्याला ताल नको. तो मोडायला मी एक उपाय करते, सूर चालू ठेवून मनाचे श्लोक म्हणते. म्हणणं एका लयीत, भाता दुसऱ्याच. आठवडाभर जीव मेटाकुटीला येतो, मग दोन्ही वेगवेगळे चालू लागतात.

कानाला डोळ्याची मदत हवी असेल तर पाण्याची नळी करा. हार्डवेअरच्या दुकानातून दोन मीटर पारदर्शक प्लास्टिकची नळी आणा, इंग्रजी यू-सारखी वाकवून फळीला बांधा, निम्मी रंगीत पाण्याने भरा. एक टोक मोकळं, दुसरं भोक पाडलेल्या बुचातून चँटरच्या किंवा बंद ठेवलेल्या ड्रोनच्या खोबणीत बसवा. पिशवी दाबली की एका बाजूचं पाणी चढतं, दुसरं उतरतं. माझ्या सेटला दोन्ही पातळ्यांत साधारण ४५ सेंटिमीटर फरक लागतो. तुमचा आकडा वेगळा असेल, रीडवर ते अवलंबून आहे. आकडा महत्त्वाचा नाही, पाणी जागेवर उभं राहणं महत्त्वाचं. पहिल्या दिवशी माझं पाणी हातभर वरखाली होत होतं. तिसऱ्या आठवड्यात ते दोन बोटांवर आलं. तेव्हा मी चँटर कपाटातून बाहेर काढला.

रोज पंधरा मिनिटं, दोनदा. एका बैठकीत तास काढू नका. खांदे वर चढतात, मान धरते, आणि चढलेल्या खांद्यांनी केलेला सराव चुकीचाच मुरतो.

बोटं

डावा हात वर, त्याचा अंगठा मागच्या भोकावर. उजवा हात खाली, त्याची चारही बोटं लागतात, अंगठा नुसता टेकू देतो. सगळी भोकं झाकली की खालचा कोमल नी.

सा: उजवी करंगळी उचला. रे: करंगळीबरोबर अनामिकाही. ग: अनामिका आणि मधलं बोट वर, पण करंगळी पुन्हा खाली. म: तर्जनी, मधलं, अनामिका तिन्ही वर, करंगळी खालीच. आता प-पासून डाव्या हाताची पाळी. उजवा हात सा-च्या स्थितीत नेऊन ठेवायचा, करंगळी तेवढी वर, आणि डावी अनामिका उचलायची, की प. मग मधलं बोट, की ध. मग तर्जनी, की कोमल नी. तार सा-ला अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट वर, अनामिका मात्र परत खाली.

म-वरून प-वर जाणं हीच पहिली खिंड. उजव्या हाताची तीन बोटं खाली आणि करंगळी वर, त्याच क्षणी डावी अनामिका वर. जरा मागेपुढे झालं की मधे एक नको असलेला स्वर चमकून जातो. पायपर त्याला क्रॉसिंग नॉइज म्हणतात. त्याच्यावर एकच औषध, म-प-म-प इतकं सावकाश करायचं की कंटाळा यावा. नळी अखंड वाजत असते, जीभ मारून चूक झाकता येत नाही.

आणि इथेच या वाद्याचं व्याकरण समजतं. आवाज थांबत नाही म्हणजे सलग दोन सा वाजवायचे तर दोन कसे कळणार? मधे क्षणभर वरचं एखादं बोट उचलून टाकायचं. तो स्वर ऐकू येण्याइतका लांब नसतो, नुसता टिचकीसारखा पडतो आणि दोन सा वेगळे होतात. आपल्या कणस्वराचा हा भाऊ, फक्त इथे तो शोभेसाठी नाही, शब्द तोडण्यासाठी आहे. हायलंड पाइपमध्ये अशा टिचक्यांची मोठमोठी, ठरलेली जुळणी असते. स्मॉलपाइपवर ती सगळी लादली तर मऊ आवाजावर ओझं होतं. आधी डाव्या तर्जनीची टिचकी पक्की करा, मग उजव्या तर्जनीची आणि डाव्या अनामिकेची. पहिलं वर्ष एवढ्यावर निघतं.

धुनांत घाई टाळा. संथ धून आधी, म्हणजे काखेचं उघडं पडतं आणि दुरुस्त होतं. मग सहा-आठातली जिग, म्हणजे नाचाची धून. वेगवान रील सहा महिने नको. नोटेशन वाचता आलं तर चांगलं, पण मी पहिल्या दहा धुना सरगम लिहून पाठ केल्या आणि त्यात मला काही उणं वाटलं नाही. स्कॉटिश गुरूंनाही तोंडाने गाऊन शिकवायची जुनी सवय आहे. आपल्याला ती पद्धत परकी नाही.

ड्रोन जुळवताना

तंबोरा जुळवलेला माणूस इथे घरचाच. डाव्या हाताने वरचा एखादा स्वर धरून ठेवायचा आणि उजव्या हाताने ड्रोनचा सरकता भाग हलवायचा. लांब केला की सूर उतरतो, आखूड केला की चढतो. आधी मधला सा. दोन सूर जवळ आले की लाटा ऐकू येतात, वॉव-वॉव करत. त्या मंदावत जातात आणि एका जागी विरघळतात. मग दोन्ही हात चँटरवर आणून खालच्या सा-वर पडताळा घ्यायचा. त्यानंतर खर्ज, शेवटी पंचम. दाब वाजवताना असतो तेवढाच ठेवायचा. जुळवताना बहुतेकजण नकळत जास्त दाबतात, मग धून सुरू केली की सगळं उतरलेलं.

मोबाइलवरच्या ट्यूनर ॲपचा गंधारावर विश्वास ठेवू नका. पाइपचा गंधार ड्रोनशी शुद्ध जुळवलेला असतो, तो पेटीच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा भाग उतरलेला असतो. ॲप त्याला बेसूर म्हणेल. तो बरोबर आहे. एखादा स्वर खरोखरच चढा असेल तर त्या भोकाच्या वरच्या कडेला काळ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावायचा, की तो उतरतो. चाकू किंवा कानस घेऊन भोकाला भिडायचं नाही, ते काम कारागिराचं.

रीड आणि हवामान

चँटरची रीड वेताच्या दोन पात्यांची, सनईच्या पत्तीच्या जातीची. ड्रोनच्या रीडला एकच जीभ असते, पुंगीसारखी. भात्याची हवा कोरडी असल्यामुळे त्या वर्षानुवर्षं टिकतात. अट एकच, त्यांना तोंड लावायचं नाही. फुंकून बघण्याचा मोह फार होतो. एका फुंकरीतली ओल दिवसभर सूर बिघडवते.

पुण्यातला एप्रिल आणि कोकणातला जुलै, दोन्ही या रीडला परके. सेट महाराष्ट्रात नेणार असाल तर मागवतानाच कारागिराला सांगा आणि चँटरची एक जादा रीड, शक्य असेल तर प्लास्टिकची, घेऊन ठेवा. सेट ठेवायच्या पेटीत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ठेवावं. कोरड्यात जोड ढिले पडतात, त्यावर मेण लावलेला दोरा दोन वेढे वाढवायचा. पावसाळ्यात फुगून अडकतात, तेव्हा दोन वेढे काढायचे. पिळून ओढायचं नाही. मी गेल्या वर्षी आईकडे रत्नागिरीला सेट नेला होता. पहिले दोन दिवस तो ओळख दाखवेना. त्याला पेटीबाहेर, पंख्यापासून लांब, नुसता पडू दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी ड्रोन जुळले आणि ओसरीवर आजोबांच्या जागी बसून तासभर वाजवला.

बैठकीत जाताना

सहा-आठ महिन्यांनी, पाच धुना न अडखळता येऊ लागल्या की लोकांत जा. एडिंबरा, ग्लासगो, न्यूकॅसल इथल्या पबांत लोकसंगीताच्या बैठका भरतात, तिथे नवखा चालतो. पहिल्या वेळी सेट पेटीतच ठेवून ऐका. दुसऱ्या वेळी पट्टी विचारा. बैठक तुमच्या पट्टीत नसेल तर ड्रोन बंद ठेवा. पांढरी सहाचा ड्रोन पांढरी पाचच्या धुनेवर सोडला तर सगळ्यांना शिक्षा होते. सेट दारापाशी बसून आधीच जुळवून घ्या, आणि खोली तापली की पुन्हा एकदा. अर्ध्या तासात सूर सरकतो, फिडलवाले तेवढ्या वेळात दोनदा जुळवतात, तुम्हीही जुळवा.